जीपगाडीचे मालक आणि त्यांचे प्रश्न

वसंत व्याख्यानमालेत जीपगाडीवर बोलावयाचे म्हटल्यावर काही मंडळींनी नाक मुरडले असेल. संत झाले, शिवकाल झाला, पानिपत झाले. आता गाडी कशाला? पण लोणी भापकरसारख्या गावाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास लिहावयास कोणी बसलाच, तर मल्लिकार्जुनाच्या देवळानंतर त्याला गावात येणाऱ्या गाडीचीही दखल घ्यावी लागेल. आपल्या बारामती तालुक्याचे दोन भाग आपणांस ठाऊकच आहेत. निरा डाव्या कालव्याखालचा बागाईत भाग एकीकडे, आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायत पट्टा दुसरीकडे. या पट्ट्यात माळ, मुरूम आणि पावसाळ्यात अचानक भरून वाहणारे ओढे. येथवर कोणती गाडी येऊ शकते, यावर येथे कोण येणार हे पुष्कळ दिवस ठरत असे.

ही गाडी लढाईची. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने चारही चाकांना जोर असलेली एक हलकी गाडी मागितली. वजन म्हणे अवघे तेराशे पौंड असावे! पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत द्यावयाचा होता. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने तो वेळेत दिला. वजन अर्थातच पुष्कळ जास्त भरले, आणि तेराशे पौंडांची अट कागदावरच राहिली. पुढे मोठा मक्ता मिळाला तो मात्र विलीज आणि फोर्ड यांना. लढाई संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. कल्पना एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि मक्ता तिसऱ्याला, हा प्रकार आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना नवा नाही.

मुंबईत तिचे आगमन झाले ते फाळणीच्या काळात. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली तेथले गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. ३ जून १९४९ रोजी माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून पहिली जीप जोडून तयार झाली. भाग अमेरिकेचे, जोडणारे हात माझगावचे. पुढे ती येथेच बनू लागली, आणि विलीजचा ‘सीजे-थ्री-बी’ हा नमुना अमेरिकेत १९६८ साली बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षे निघत राहिला.

पण गावाने तिला पाहिले ते सरकार म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांना जीपगाड्या मिळू लागल्या. गटविकास अधिकारी, ओव्हरसियर, मामलेदार, फौजदार, सारे जीपमधून येत. माळावर धुरळा दिसला की पाटलाच्या दारात खाट टाकली जाई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावाची माती वाहणाऱ्या माणसांना जीप दिसली की दोनच प्रश्न पडत: हजेरीपट बघावयास आली, की पगार घेऊन? त्या कामांवर राबलेली वडीलधारी मंडळी मला सांगत, की जीपचा आवाज बैलाच्या घुंगरांइतका कानाच्या ओळखीचा झाला होता. आत बसावयाची पाळी मात्र आजारी पडल्याशिवाय येत नसे.

मालक बदलला तो पुढच्या पिढीत, आणि या भागाकडे इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही. सरकारी लिलावातल्या जुन्या जीपा आणि पुढे नव्या कमांडर व ट्रॅक्स गाड्या तरुणांनी हप्त्यावर घेतल्या आणि वडाप सुरू झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, आणि एस.टी.ने खेडे शहराशी जोडले हे कोणी नाकारणार नाही. परंतु दिवसातून दोनदा येणारी गाडी चुकली की माणूस अडकला. वडापाने ती फट भरली. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, टपावर भाजीच्या पाट्या आणि ड्रायव्हरच्या उजव्या मांडीखालीही एखादा उतारू! एस.टी. कामगारांचे नुकसान झाले हे खरे. वडापाचा ड्रायव्हर तरी कोण होता? पगाराची पावती नाही, विमा नाही, सुटी नाही. बहुधा गाडी दुसऱ्याची आणि जोखीम याची. दोघांनाही संघटना हवी होती. ती एकाला होती, दुसऱ्याला नव्हती, म्हणून दोघे एकमेकांना वैरी समजले. जीपच्या मालकाचा या काळातला प्रश्न एकच: किती माणसे बसतील?

आता ती घरच्या अंगणात आली आहे. २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ, २०१० साली थार, २०२० च्या २ ऑक्टोबरला नव्या बांधणीची थार आणि २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स, असा हा प्रवास आहे. माझ्या ओळखीच्या ज्या गाडीमालकांशी मी बोललो, त्यांचे अभिप्राय थोडक्यात असे. गाडी उंच आहे, वाटेतला दगड-धोंडा जाणवत नाही. डिझेलची थार गावात दहा-अकरा आणि मोकळ्या रस्त्यावर तेरा-चौदाचे ॲव्हरेज देते. तीन दारांच्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला मागे चढवणे म्हणजे कसरत. एका मालकाची आई म्हणाली, “गाडी झोकात आहे रे बाबा, पण देवाला जाताना मला एस.टी.च बरी.” मला तर हा अभिप्राय सर्वांत मोलाचा वाटतो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न फोर-बाय-फोरचा. ती सोय घ्यावी काय? जीपचा प्राण त्यातच होता. एरवी इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. फोर-बाय-फोरमध्ये तो चारही चाकांना वाटला जातो, आणि ‘लो’ टाकले की वेग कमी होऊन चाकाचा जोर सुमारे अडीच पट वाढतो. जुन्या लढाईतल्या जीपमध्येही तत्त्व हेच होते. पण २०२३ च्या जानेवारीत नुसत्या मागच्या चाकांना जोर असलेली स्वस्त थारही विक्रीस आली. घाट, चिखल, ओढा ज्याच्या नित्य वाट्याला येत नाही, त्याने हिशेबाने तीच घेतली तर त्यात मी तरी काही गैर मानीत नाही. ज्याचे शेत काळ्या रानात आहे आणि पावसाळ्यात वस्तीवर जावेच लागते, त्याने मात्र पैसे वाचवू नयेत.

फोर-बाय-फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर कधी टाकू नये, हे बऱ्याच नव्या मालकांना माहीत नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. मऊ मातीत चाक थोडे घसरून हा फरक मिटवते. डांबरावर घसरता येत नाही, मग ताण गिअरवर आणि दांड्यांवर येतो, टायर झिजतात, लिव्हर अडकते. उलट महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर चार पावले फोर-बाय-फोरमध्ये चालवावी, म्हणजे आतले तेल फिरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०२० च्या थारला ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडे जास्त पाणी चालते, असे कंपनी सांगते. हा आकडा वाहत्या पाण्यासाठी आहे असे कोणी समजू नये. फरशीवरून ओढा वाहत असेल, तर गुडघाभर पाणीदेखील गाडीला बाजूला ढकलते, आणि फरशी जागेवर आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. मालक धीट असतो तो आकड्याच्या भरवशावर. ओढ्याला आकडा माहीत नसतो.

आता पैशाची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जी.एस.टी. चाळीस टक्के झाला; पूर्वी उपकर धरून तो पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात होता. तरीही दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सोळा हजारांच्या पुढे जातो आणि एकंदर साडेतेरा लाख फेडावे लागतात. बागाइतात उसाचे बिल तरी येते. जिरायतात एक पाऊस चुकला की हप्ता तटतो. लग्नाच्या मांडवात शोभा म्हणून गाडी घेतली आणि तिसऱ्या वर्षी बापाने दीड एकर विकले, असे घर मी पाहिले आहे. आणि चाकण, पिंपरीच्या पट्ट्यात, कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, असल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंत्राटी पोरांना मी विचारले, की ही गाडी तू कधी घेशील? पोरे हसली. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा महिन्याचा हातात पडणारा पगार म्हणजे जवळजवळ तो एक हप्ता. माझगावच्या जोडाऱ्यालाही १९४९ साली जीप परवडत नव्हती, हे मान्य. पण त्याची नोकरी पुढच्या महिन्यात राहील की नाही, हे कोणा ठेकेदाराच्या मर्जीवर नव्हते.

शेवटचा प्रश्न जुन्या गाडीचा, कारण पुष्कळांची उडी तेथपर्यंतच असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेव्हा आधी आर.सी. पाहावी, मग रंग. खाली वाकून चासीला गंज आहे काय ते पाहावे. मोठाले टायर लावून, टप कापून आणि बांधणी बदलून सजवलेली गाडी घेऊ नये. मूळ बांधणीत असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणारा म्हणतो, आर.टी.ओ.त ओळख आहे. ती ओळख त्याची असते. दंडाची पावती आपल्या नावाने फाटते.