झाडावर बाग फुलवताना

शहरातील बंगल्यांभोवतीची आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातील मोकळी जागा जसजशी आक्रसत गेली, तसतशी बागप्रेमींची नजर जमिनीवरून झाडांच्या फांद्यांकडे वळली. आंब्याच्या आडव्या फांदीला टांगलेली नेच्यांची परडी, चाफ्याच्या खोडावर बांधलेली आमरी, जांभळाखाली झुलणारी नारळाच्या सोडणातील रोपे हे दृश्य आता पुण्या-मुंबईत नवलाचे राहिलेले नाही. हौस चांगली आहे आणि खर्चही फारसा नाही. मात्र कुंडी ज्या तारेने टांगली जाते, ती तार पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. रोप वर्षा-दोन वर्षांत वाळते, परडी गंजून पडते. तार तेथेच राहते आणि झाड वाढत असते.

झाडाची वाढ दोन प्रकारे होते. उंची वाढते ती केवळ शेंड्यांकडून. त्यामुळे जमिनीपासून पाच फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही पाच फुटांवरच असतो. झाडाबरोबर तो वर सरकत नाही. खोडाचा आणि फांद्यांचा घेर मात्र दरवर्षी वाढतो. सालीच्या लगेच आत ‘ऊतककर’ नावाचा पेशींचा अतिशय पातळ थर असतो. हा थर आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला अन्नवाहक ऊती. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीच्या आतील थरातूनच खाली मुळांकडे जाते. म्हणजे झाडाचा अन्नपुरवठा पृष्ठभागापासून काही मिलिमीटर अंतरावरून चाललेला असतो. तारेचा फास बसतो तो नेमका येथे.

डाळिंबाचे किंवा लिंबाचे गुटी कलम ज्यांनी बांधले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गुटी बांधताना फांदीची साल अंगठीसारखी गोलाकार काढतात. खाली जाणारे अन्न त्या जागी अडते, वरचा भाग फुगतो आणि तेथे मुळे फुटतात. फांदीभोवती आवळलेली तार काही वर्षांत हेच काम करते. फरक इतकाच की येथे मुळे फुटावीत अशी कुणाची इच्छा नसते. तारेच्या वर फुगवटा दिसू लागला, की अन्न अडते आहे असे समजावे. खोडालाच फास बसला असेल, तर मुळांची उपासमार सुरू होते. पाणी वर चढत राहिल्यामुळे पाने बराच काळ हिरवी राहतात आणि मालकाला काही कळत नाही. कळते तेव्हा झाड शेंड्याकडून वाळू लागलेले असते.

खिळा वाईट की तार?

सर्वसाधारण समज असा, की खिळा झाडाला जखम करतो आणि तार किंवा दोरी निरुपद्रवी असते. वृक्षतज्ज्ञांचे मत जवळजवळ उलट आहे. जाड, पक्व फांदीत बसवलेला एकच न गंजणारा आकडा लहानशी जखम करतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी अन्नाचा प्रवाह चालू राहतो. पूर्ण वेढा घालणारी तार मात्र सगळाच मार्ग बंद करते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात हजारो खोडे उभी चिरून असे दाखवून दिले, की माणसाच्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती जणू भिंती उभारून तो भाग वेगळा पाडते आणि त्यावर नवे लाकूड वाढवते. जुनी जखम आत तशीच राहते.

याचा अर्थ खिळे खुशाल ठोकावेत असा मुळीच नाही. एका आकड्याला झाड भिंत घालू शकते; दहा कुंड्यांसाठी दहा खिळे म्हणजे दहा जखमा. त्यातून बुरशी शिरते. आंब्याच्या खोडाला पडलेल्या जखमा आणि भेगा भिरूड या खोडकिडीला अंडी घालण्यासाठी सोयीच्या ठरतात. नारळाची गोष्ट तर आणखी वेगळी. ताडवर्गीय झाडांत ऊतककराचा थर नसतो, त्यामुळे नारळाच्या किंवा सुपारीच्या खोडावरची जखम कधीच झाकली जात नाही. शिवाय सोंड्या भुंग्याची मादी अशाच जखमांच्या शोधात असते. तेव्हा नारळाला खिळा नकोच.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवलेली बरी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये ‘झाड पाडणे’ या संज्ञेत तोडण्याबरोबर झाड जाळणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे यांचाही समावेश आहे. रस्त्याकडेच्या झाडांवर जाहिरातींचे फलक ठोकणाऱ्यांना तो आठवत नाही. पुण्यात २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी झाडांतील खिळे उपटून काढण्याची मोहीम हाती घेतली, ती याच कारणाने. आपल्या आवारातील झाड आपल्या मालकीचे असले, तरी त्याला वेगळा न्याय नाही.

टांगावे कसे

सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे रुंद पट्टा. किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच रुंदीचा कॅनव्हासचा किंवा जाड सुती पट्टा फांदीवरून घ्यावा, त्याचा सैल झोळीसारखा वेढा खाली सोडावा आणि त्यात इंग्रजी ‘एस’ आकाराचा आकडा अडकवून कुंडी टांगावी. गाठ फांदीवर आवळायची नाही. फांदी आणि पट्टा यांच्यामध्ये खालच्या बाजूला दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. तारच वापरायची असेल, तर ती बागेच्या जुन्या पाइपच्या तुकड्यातून ओवून घ्यावी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फांदीवर टाकून त्यावरून दोरी नेली तरी चालते. पैसे न लागणारा आणि उत्तम असा हा उपाय आहे. पट्टा दर सहा महिन्यांनी इंचभर इकडे-तिकडे सरकवावा, म्हणजे एकाच जागी ओल धरून साल कुजत नाही.

बारीक नायलॉनचा दोरा मात्र टाळावाच. तो कुजत नाही आणि वाऱ्याने कुंडी हलली की करवतीसारखा सालीत शिरतो. संक्रांतीनंतर फांद्यांत अडकलेला मांजा झाडांचे आणि पक्ष्यांचे काय करतो, हे शहरवासीयांनी पाहिलेले आहे.

ओझ्याचा हिशेब बहुतेक जण कोरड्या कुंडीवर करतात आणि तेथेच फसतात. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोल परडीत सुमारे चार लिटर माती मावते. पाणी पिऊन तृप्त झालेली ही माती सहा ते आठ किलो भरते. परडी आणि रोप वेगळेच. कोकोपीट, सोडणाचे तुकडे आणि थोडे शेणखत असे मिश्रण घेतले तर वजन जवळपास निम्म्यावर येते. कुंडी कोठे टांगली आहे यालाही तितकेच महत्त्व. खोडापासून दोन मीटरवर टांगलेली कुंडी अर्ध्या मीटरवरच्या कुंडीपेक्षा फांदीच्या बुंध्यावर चौपट ताण टाकते. पावसाळी वाऱ्यात हा ताण झटक्या-झटक्याने येतो. फांदी मनगटाहून बरीच जाड असावी आणि कुंडी खोडाच्या जवळ असावी.

झाडाची जात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आंबा, फणस, चिंच यांच्या जुन्या फांद्या भरवशाच्या. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ. गुलमोहर आणि वर्षावृक्ष (रेन ट्री) दिसायला भव्य असले, तरी पावसाळ्यात फांद्या टाकण्याबद्दल बदनाम आहेत. मुंबईत झाड किंवा फांदी कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या बहुतेक पावसाळ्यांत येतात. मुले खेळतात किंवा वाहने उभी राहतात अशा जागेवरच्या फांदीला ओझे न लावणे हेच शहाणपणाचे, आणि जूनच्या आधी सर्व जड कुंड्या खाली उतरवणे त्याहून शहाणपणाचे. कुंडीखाली ताटली बांधली असेल, तर डेंग्यूच्या डासांसाठी ती आयती सोय ठरते. ती काढूनच टाकावी.

आमरी हे बांडगूळ नव्हे

कुंडी न टांगता झाडावरच रोप वाढवणे हा खरे तर अधिक नैसर्गिक मार्ग. तरीही अनेक सोसायट्यांत खोडावरची आमरी ‘झाडाचे रक्त पिते’ म्हणून ओरबाडून टाकली जाते. हा गैरसमज बांडगुळामुळे झाला आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या लाकडात शोषकमुळे घुसवून पाणी आणि क्षार ओढते. ते जरूर काढावे. आमरी, बाशिंगासारखे नेचे या अपिवनस्पती आहेत. त्यांची मुळे सालीच्या पृष्ठभागाला केवळ धरून राहतात. आमरीच्या मुळांभोवतीचे पांढरट, स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी आणि हवेतील ओल टिपून घेते. झाड तिला जागा देते, अन्न नव्हे.

आपल्याकडे सीतेची वेणी किंवा द्रौपदीची वेणी म्हणून ओळखली जाणारी आमरी यासाठी उत्तम. सह्याद्रीच्या जंगलांत मे-जूनच्या सुमारास तिचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबताना दिसतात. आसामने हेच फूल राज्यपुष्प मानले आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की रोप बांधावे. खडबडीत, न सुटणाऱ्या सालीचे झाड निवडावे. आंबा आणि फणस चांगले. पेरू, निलगिरी आणि अर्जुन वेळोवेळी साल टाकतात, त्यांच्यावर रोपाचा पाया कधी पक्का होत नाही. सकाळचे ऊन मिळेल अशी पूर्वेकडची बाजू पाहून रोप सालीला टेकवावे आणि सुतळीने किंवा जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी बांधावे. मुळांभोवती माती लिंपू नये. सुतळी साधारण वर्षभरात कुजून गळते, तोवर मुळांनी साल धरलेली असते. काढायची आठवण ठेवावी लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. तांब्याची तार आमरीलाच बाधते. रोप मात्र रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे. घाटरस्त्यांवर विकायला येणारे जुडगे जंगलातून उपटलेले असतात, आणि त्यांतले फारच थोडे शहराच्या हवेत तग धरतात.

मनी प्लँटबद्दल सावध राहिलेले बरे. तोही बांडगूळ नाही. पण जमिनीतून आंब्यावर चढला की त्याची पाने सुपाएवढी होतात, खोड झाकले जाते, आतली कीड दिसत नाही आणि वजन वाढत जाते. फांद्यांच्या बेचक्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वड-पिंपळाचे बी रुजले असेल, तर ते रोप कोवळे असतानाच काढावे.

तार आत गेली असेल तर

जुन्या बागांत हा प्रश्न हमखास येतो. सालीवर नुसता वळ उमटला असेल, तर तार लगेच कापून मोकळी करावी. झाड सहसा सावरते. अर्धी तार बुडाली असेल, तर तिचे दोन-तीन ठिकाणी तुकडे करावेत आणि सहज सुटतील तेवढेच काढावेत. पूर्ण गिळली गेलेली तार मात्र पक्कडीने ओढू नये. ओढताना तिच्यावर तयार झालेले नवे लाकूड आणि साल दोन्ही फाटतात आणि पहिल्या जखमेहून मोठी जखम होते. बाहेर आलेली टोके सालीलगत कापावीत आणि बाकीची तार आत राहू द्यावी. कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग फासण्याची जुनी पद्धत आता वृक्षतज्ज्ञ सुचवत नाहीत. त्याखाली ओल कोंडून राहते. त्या जागेजवळ रंगाचा एक ठिपका मात्र जरूर द्यावा. दहा-पंधरा वर्षांनी ती फांदी छाटण्याची वेळ आली, तर करवत चालवणाऱ्याला आत लोखंड आहे हे कळायला दुसरा मार्ग नसतो.