सिडनीचा विसरलेला डाव

अ‍ॅडलेड येथें १९८१ च्या जानेवारींत संदीप पाटील यांनीं काढलेल्या १७४ धावा आमच्या नारायण पेठेंत अजूनहि काल काढल्यासारख्या सांगितल्या जातात. आम्ही त्या वेळीं अकरा वर्षांचे होतों. वाड्यांत रेडिओ मालकांच्या ओटीवर, बाहेर पुण्याची थंडी, आणि शाली-घोंगड्या गुंडाळून सात बिऱ्हाडांतील मंडळी त्या यंत्राभोंवतीं बसलेली. ऑस्ट्रेलियानें ५२८ धावांचा डोंगर रचलेला, समोर लिली आणि पॅस्को, आणि शिवाजी पार्कवर वाढलेला चोवीस वर्षांचा हा तरुण त्यांचे चेंडू कुंपणापार धाडीत होता. ऑस्ट्रेलियांत भारतीय फलंदाजानें कसोटींत काढलेली ती तोंवरची सर्वांत मोठी धावसंख्या होय. त्याच डावांत चेतन चौहान ९७ वर बाद झाले. चौहान पुण्यांतच शिकलेले; तेव्हां त्या तीन धावांची हळहळ पेठेनें वेगळी केली, आणि अद्यापि करते.

ह्या पराक्रमाची पूर्वपीठिका बहुतेकांस ठाऊक असते. २ जानेवारीस सिडनीच्या कसोटींत पाटील ६५ वर खेळत असतां पॅस्कोचा आंखूड चेंडू त्यांच्या कानापाशीं बसला व ते जागीं कोसळले. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्यांस मैदान सोडावें लागलें. तीन आठवड्यांनीं तेच पाटील, तेच पॅस्को, आणि १७४! इतकी बांधेसूद कथा हातीं आल्यावर तिच्यांत आणखी कांहीं शोधावें असें कोणास वाटणार? आम्हांसहि पुष्कळ वर्षें वाटलें नाहीं.

परंतु धावफलकांत आणखी एक नोंद आहे. सिडनीच्या त्याच कसोटींत, भारताच्या दुसऱ्या डावांत, ४ जानेवारीस पाटील पुन्हां फलंदाजीस उतरले आणि ४ धावा करून परतले. म्हणजे डोक्यावर आघात झाल्यास पुरते दोन दिवसहि लोटले नव्हते. ह्या चार धावांविषयीं पेठेंत कोणीं अवाक्षर काढलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, भ्यावयाचें तें ह्या चार धावांना. १७४ हें फळ गोड लागलें म्हणून मधली वाट कशी होती हें आपण पाहिलेंच नाहीं.

मेंदूस बसणाऱ्या ह्या हादऱ्यास डॉक्टर कन्कशन म्हणतात. कवटीच्या आंत मेंदू द्रवांत तरंगता असतो. बाहेरून आघात झाला कीं तो आंतल्या आंत हिसडला जातो. हाड मोडलेलें नसतें, रक्त दिसत नाहीं, साध्या तपासणींत चित्र निर्दोष येतें. डोकेंदुखी, घेरी, उजेडाचा त्रास, स्मरणांतील गोंधळ हीं लक्षणें कधीं तत्काळ, तर कधीं कांहीं तासांनीं वा दुसऱ्या दिवशीं उमटतात. हा हादरा ओसरण्यापूर्वीं दुसरा आघात झाला तर तो पहिल्याहून किती तरी घातक ठरूं शकतो; कोंवळ्या वयाच्या खेळाडूंत तर मेंदूस अकस्मात् सूज येऊन प्राणावर बेतल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. हेल्मेट कवटी वांचवितें. आंतला हिसडा तें थांबवूं शकत नाहीं.

जी दुखापत दिसते ती स्वतःच माणसाला घरीं बसविते. ह्याचें सर्वांत भयंकर उदाहरण १९६२ चें. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांस ब्रिजटाऊन येथें बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यांत चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यास लागला. कवटी फुटली, तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देण्यास प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढें आले, आणि त्यांच्याबरोबर आपले पॉली उम्रीगर, नाशिकचे बापू नाडकर्णी व पुण्याचे चंदू बोर्डे हेहि. डोक्यांत बसविलेला धातूचा पत्रा साठ वर्षें तेथेंच राहिला. तो २०२२ मध्यें मुंबईंत काढण्यांत आला. कॉन्ट्रॅक्टर यांस कोणीं 'दोन दिवसांनीं उतरा' म्हटलें नाहीं, कारण म्हणण्यासारखी स्थितीच नव्हती. पुढें सावकाश बरे होऊन ते १९७०-७१ पर्यंत प्रथम दर्जाचें क्रिकेट खेळले. कसोटी संघाचें दार मात्र त्यांस पुन्हां उघडलें नाहीं. त्यांच्या मागून कर्णधारपदीं आले ते एका अपघातांत एका डोळ्याची दृष्टि गमावलेले एकवीस वर्षांचे पतौडी. पण तो विषय निराळा.

चौदा वर्षांनीं, एप्रिल १९७६ मध्यें, किंग्स्टनच्या सबिना पार्कवर बडोद्याच्या अंशुमान गायकवाड यांच्या कानावर मायकेल होल्डिंगचा चेंडू बसला. ते ८१ वर होते. कानाचा पडदा दुखावला, त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याच डावांत विश्वनाथ यांचें बोट मोडलें, ब्रिजेश पटेल यांचें तोंड फुटलें, आणि दुसऱ्या डावांत भारताचे पांच गडी फलंदाजीस येऊंच शकले नाहींत. ९७ वर डाव संपला. गायकवाडांवर पुढें शस्त्रक्रिया झाल्या. तरीहि ते पुढच्या हंगामांत परतले, आणि १९८३ मध्यें जालंदर येथें पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटें उभे राहून त्यांनीं २०१ धावा काढल्या. चिकाटीचें नांव घ्यावयाचें तर आम्ही त्या डावाचें घेऊं. मधल्या काळांत, मार्च १९७८ मध्यें, ग्रॅहम यॅलप हे कसोटी सामन्यांत हेल्मेट घालून उतरणारे पहिले फलंदाज ठरले. प्रेक्षकांनीं त्यांची हुर्यो केली. तें मैदान ब्रिजटाऊनचेंच होतें, जेथें कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते.

हें सर्व लिहितांना आम्ही निर्दोष आहोंत असें नाहीं. अ‍ॅडलेडनंतर महिन्याभरांतच मुठेच्या पात्रांत खेळतांना आमचा एक चेंडू वाड्यांतील एका सोबत्याच्या कानशिलावर बसला. तो बसूनच राहिला. आम्हीं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलें, कोणी तरी धावत जाऊन कांदा आणला, तो त्यास हुंगविला, आणि 'पाटील नाहीं का खेळला?' असें म्हणून त्यास पुन्हां उभें केलें. तो उभा राहिला. पुढें तीन आठवडे त्याचें डोकें दुखे. वर्गांत त्यास पाढे आठवत ना, म्हणून गुरुजींच्या छड्याहि त्यानें खाल्ल्या. आई-बापांस त्यानें कांहीं सांगितलें नाहीं, कारण मग नदीवर जाणें बंद झालें असतें.

आज वैद्यांचें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे. खेळांतील ह्या दुखापतीसंबंधीं पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्यें व्हिएन्ना येथें भरली. सहावी २०२२ मध्यें अ‍ॅम्स्टरडॅमला. पूर्वीं अंधाऱ्या खोलींत दिवसचे दिवस निजून राहा असें सांगत. आतां तेंहि मागें पडलें. एक-दोन दिवस बेताची विश्रांति, मग चालणें, मग हलका व्यायाम, मग एकट्यानें खेळाचा सराव, नंतर अधिक कठीण सराव, डॉक्टरांच्या अनुमतीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटीं सामना. पायऱ्यांमध्यें निदान एकेक दिवसाचें अंतर. त्रास वाढला कीं मागें फिरावयाचें. मुलांनीं आधीं शाळेंत रुळावें, मग मैदानावर जावें, हाहि त्यांतलाच दंडक. ब्रिटनमध्यें हौशी खेळाडूंसाठीं २०२३ मध्यें निघालेल्या सूचनांत सामन्याकरितां निदान एकवीस दिवस थांबा असें म्हटलें आहे. सिडनी ते अ‍ॅडलेड हें अंतर नेमकें तितकेंच! तेव्हां अ‍ॅडलेडला पाटील उतरले ह्यांत आजचा डॉक्टरहि कदाचित् मोठा दोष काढणार नाहीं. तो बोट ठेवील तें ४ जानेवारीवरच.

फिलिप ह्यूज यांचा मृत्यु २०१४ मध्यें झाला. त्यांच्या मानेवर चेंडू लागला होता. तरी क्रिकेटची झोंप उडाली ती त्यामुळेंच. ऑगस्ट २०१९ पासून हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागीं तशाच प्रकारचा दुसरा खेळविण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळाली. ३१ जानेवारी २०२५ रोजीं हा नियम आमच्या गांवच्या गहुंजे येथील मैदानावर लागू झाला. इंग्लंडविरुद्ध शिवम दुबे ५३ धावा करीत असतां अखेरच्या षटकांत चेंडू त्यांच्या हेल्मेटवर आदळला. त्यांच्या जागीं आलेल्या हर्षित राणा यांनीं तीन गडी बाद केले, आणि भारत पंधरा धावांनीं जिंकला. मध्यमगति गोलंदाजी टाकणाऱ्या फलंदाजाच्या बदलीं पक्का जलद गोलंदाज कसा, ह्यावरून इंग्लंडचा कर्णधार रुष्ट झाला, आणि दुसऱ्या दिवशीं पेठेंतील प्रत्येक कट्ट्यावर तेवढीच एक चर्चा होती. दुबे यांचें डोकें कसें आहे हें कोणीं विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं. २ फेब्रुवारीस मुंबईच्या सामन्यांत दुबे पुन्हां खेळले, ३० धावा काढल्या, दोन गडी बाद केले. तपासूनच त्यांस उतरविलें असणार. परंतु दोन दिवस, हा हिशेब आम्हांस ओळखीचा वाटला. त्याच वर्षाच्या मध्यास आंतरराष्ट्रीय मंडळानें हादऱ्याचें निदान झाल्यास निदान सात दिवस सक्तीची विश्रांति ठरविली.

ती बातमी वाचून आमच्या त्या जुन्या सोबत्यानें फोन केला. म्हणाला, "मला किती षटकांनीं पुन्हां उभा केला होतास, आठवतें का रे?" आम्हीं आठवून दोन म्हणून सांगितलें. तो म्हणाला, "एक. आणि तें षटकहि तुझेंच होतें."