दिवा कोणाचा लावावा?

कापड कोणत्या दुकानांतून घ्यावें आणि धान्य कोणत्या पेढीवरून आणावें हें ठरविण्याचा अधिकार आपल्या घरांतील माणसांना असतो. तो आपणांस कोणी दिला असा विचारही मनांत येत नाहीं. परंतु हाच प्रश्न दिव्याविषयीं आणि चुलीविषयीं विचारला, कीं उत्तर इतकें सोपें राहत नाहीं. आज मी तो एका तालुक्याला विचारून पाहणार आहें. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें सुमारें ४० किलोमीटर गेलें, कीं भीमेच्या कांठीं राजगुरुनगर लागतें. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचें हें जन्मगांव. गांवाचें पूर्वींचें नांव खेड. तालुक्याला अजून तेंच नांव आहे. ह्या तालुक्याच्या दक्षिणेस चाकणचे कारखाने आहेत आणि पश्चिमेस भूमि चढत चढत भीमाशंकरच्या माथ्याला जाते. माथ्याजवळच्या वाड्यांत पावसाळा चार महिने मुक्काम ठोकून बसतो, धुकें उंबऱ्यापर्यंत येतें, आणि नंतर थंडी पडते तीही बोचरी. विस्तव केवळ अन्न शिजविण्याकरितां नव्हे, तर अंग शेकण्याकरितां आणि भिजलेलें घोंगडें वाळविण्याकरितांही लागतो, असे प्रदेश महाराष्ट्रांत थोडे. त्यांतला हा एक.

ह्या घरांचा पहिला पुरवठादार म्हणजे रान. तें पैसे मागत नसे; पाय आणि मान मागत असे. मृग लागण्यापूर्वीं लांकूड आणून रचावें, शेणी थापून वाळवाव्या, चार महिन्यांची बेगमी करावी, हें काम बहुतेक बायकांचें. कोणतें लांकूड धग देतें, कोणतें नुसता धूर करतें, ही पारखही त्यांचीच. १८७८ सालच्या जंगल कायद्यानें ह्या पुरवठादाराला मालक मिळाला. रानें राखीव झालीं, आणि गांवकरी ज्याला हक्क समजत आले होते त्याला सरकारी कागदांत सवलत हें नांव पडलें. हा भेद वकिलाला जितका कळतो तितकाच मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईलाही कळतो, कारण जंगलाचा शिपाई वाटेंत तिलाच गांठतो. इकडे सह्याद्रीच्या रानांत कोळसा पाडून तो शहरांतल्या शेगड्यांकरितां खालीं जातच होता. शहराची शेगडी आणि डोंगरांतली चूल एकाच झाडावर जगत होत्या. रोख पैसे मोजणारी शेगडी अर्थातच पुढें असे. १९८५ सालीं भीमाशंकरचें अभयारण्य झालें. तें झालें हें बरेंच झालें असें माझें मत आहे. पण चुलीपुरतें बोलावयाचें तर तिचा जुना पुरवठादार आणखी एक पाऊल दूर सरला.

दुकानदार म्हणून ज्याला ओळखावें असा पुरवठादार ह्या घरांना मिळाला तो रॉकेलाबरोबर. इंग्रजी रॉक ऑइलचें आपण रॉकेल केलें आणि गॅसलाइटचें घासलेट. परकी वस्तु स्वयंपाकघरांत किती खोल शिरली याला भाषेइतका चांगला साक्षीदार नाहीं. पत्र्याचा डबा बैलगाडीनें जाई, गाडीवाट संपली कीं माणसाच्या डोक्यावरून जाई, आणि दुकानदार तो फोडून बाटली-बाटलीनें विकी. डब्याचा मोठा गुण असा, कीं तो कोणाच्याही दुकानांत ठेवतां येतो. म्हणूनच १९२७ सालीं ह्या देशांत जें घडलें तें घडूं शकलें.

त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें रशियांतील बोल्शेव्हिक सरकारकडून रॉकेल विकत घेऊन हिंदुस्थानच्या बाजारांत आणलें. रॉयल डच शेलचे धुरीण सर हेन्री डेटर्डिंग खवळले. क्रांतींत मालकांपासून हिसकावलेलें तेल म्हणजे चोरीचा माल, अशी त्यांची भूमिका. आणि त्यांनीं येथील रॉकेलाचे भाव पाडले. प्रतिपक्षानेंही पाडले. भांडण न्यूयॉर्क, लंडन आणि मॉस्को यांचें. त्याचें रणांगण झाले आपले कंदील! ब्रह्मदेशांतील तेलाच्या विहिरींचे मालक ह्या भावांनीं हैराण होऊन सरकारकडे धांवले, आणि टॅरिफ बोर्डाला चौकशी करावी लागली. गिऱ्हाइकाचा काळ मात्र सुखाचा होता. तो फार टिकला नाहीं. १९२८ सालींच बर्मा ऑइल आणि शेल यांनीं येथील विक्री एकत्र करून बर्मा-शेल कंपनी काढली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत, अ‍ॅक्नाकॅरी नांवाच्या वाड्यांत, जगांतील मोठ्या तेल कंपन्यांचे धनी शिकारीच्या निमित्तानें जमले. बाजारांत ज्याचा जितका वांटा आज आहे तितकाच पुढेंही राहावा, असें त्यांनीं आपसांत ठरविलें. म्हणजे आपण दुकान बदललें तरी कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं, अशी ही व्यवस्था होती.

१९४२ त ब्रह्मदेश पडला आणि रॉकेलाची टंचाई झाली. पुढें तें शिधापत्रिकेवर आलें, आणि शिधापत्रिकेला दुकान नेमलेलें असतें. ह्या कथेचा शेवट मात्र मौजेचा आहे. स्टँडर्डच्या येथील धंद्याचा वारसा एस्सो कंपनीकडे आला, आणि १९७४ सालीं सरकारनें तो घेऊन हिंदुस्तान पेट्रोलियम केली. १९७६ त बर्मा-शेल घेतली, तिची भारत पेट्रोलियम झाली. २०१३ च्या ऑक्टोबरांत कांहीं शहरांतून, आणि २०१४ च्या जानेवारींत ४८० जिल्ह्यांतून, गॅसच्या सिलिंडरची कंपनी बदलण्याची मुभा गृहिणीला मिळाली. तेव्हां तिच्यापुढें जे तीन पर्याय होते, त्यांतले दोन १९२७ च्या त्या मल्लांचेच वंशज. फरक इतकाच, कीं आतां तिघांचाही भाव एक होता. सिलिंडर वेळेवर कोण आणून देतो, एवढ्यापुरती ती निवड उरली होती. तीही थोडी नव्हे. पण जेथें एकच वितरक पोंचतो तेथें तीही कागदावर राहते.

आतां विजेकडे वळूं. येथें डबा नाहीं, तार आहे. आणि तारेचा स्वभाव निराळा.

खेडच्या शेजारीं मावळ. तेथील आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी आळंदीवरून वाहत जाऊन तुळापुरास भीमेला मिळते. टाटांनीं ठोकरवाडीला धरण बांधून आंध्रेचें पूर्वेकडे जाणारें पाणी अडविलें आणि बोगद्यांतून घाटाखालीं सोडलें. १९२२ सालीं भिवपुरीचें वीजघर सुरू झालें. खोपोलीचें त्यापूर्वीं १९१५ त सुरू झालें होतें; भिऱ्याचें १९२७ त झालें, आणि त्या धरणासाठीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं केलेला लढा आपणांस ठाऊकच आहे. ह्या पाण्यानें मुंबईच्या गिरण्या फिरल्या, पुढें आगगाड्या धांवल्या, शहरांतले दिवे उजळले. ज्या खोऱ्यांचें पाणी गेलें त्या खोऱ्यांतल्या वाड्यांत चिमणी मिणमिणत राहिली. कंपनीनें कोणाला फसविलें असें मी म्हणत नाहीं. गिऱ्हाईक जेथें दाट तेथें तार जाते, हा व्यापाराचा साधा हिशेब आहे.

हा हिशेब बदलतां येत नाहीं असें मात्र नव्हे. पुन्हां स्कॉटलंडचेंच उदाहरण घेऊं. तेथील उत्तरेकडचा भाग थंड, डोंगराळ आणि विरळ वस्तीचा. आणि पाण्याची शक्ति तेथेंच. १९४३ सालीं, ऐन युद्धांत, टॉम जॉन्स्टन ह्या मंत्र्यानें त्या भागासाठीं सरकारी जलविद्युत् मंडळ स्थापण्याचा कायदा करून घेतला. त्या प्रदेशाची आर्थिक व सामाजिक उन्नति करणें ही जबाबदारी कायद्यानेंच मंडळावर टाकली होती. मंडळानें दक्षिणेकडे वीज विकावी आणि त्या उत्पन्नाच्या बळावर दऱ्याखोऱ्यांतल्या झोंपड्यांपर्यंत तार न्यावी, अशी योजना होती. १९९८-९९ मध्यें ब्रिटनमधील घरोघरच्या ग्राहकांना विजेचा पुरवठादार बदलण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां ती ह्या उत्तरेलाही मिळाली. परंतु पुढें त्या दुर्गम भागांतल्या तारांचा जास्तीचा खर्च साऱ्या देशांतील पुरवठादारांवर वांटण्याची तरतूद करावी लागली. तार सर्वांनीं मिळून पोसली, म्हणूनच निवडीला कांहीं अर्थ राहिला. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढें लागणार आहे.

आपल्याकडे तार खेड्यांत नेली ती विद्युत् मंडळानें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ झालें, २००५ सालीं त्याच्या कंपन्या झाल्या, आणि घरोघरचें काम महावितरणकडे आलें. मंडळाच्या नांवानें बोटें मोडणें हा आपला जुना छंद आहे. पण नफा पाहणारी कोणतीही कंपनी भोरगिरीच्या वाटेनें खांब रोवीत गेली नसती, हेंही सांगितलें पाहिजे. ग्रामीण भागांत दुसरा पुरवठादार कोठेंच नव्हता असें नाहीं. नगर जिल्ह्यांत मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था चाळीसएक वर्षें वीज वांटीत होती. २०११ सालीं तिचें क्षेत्र महावितरणकडे गेलें. तो निर्णय वीज नियामक आयोगाचा होता. तेथें गिऱ्हाइकांनीं पुरवठादार बदलला नाहीं. पुरवठादारांत गिऱ्हाइकें बदललीं.

खरी निवड झाली ती मुंबईच्या उपनगरांत. तेथें तारा रिलायन्सच्या होत्या. किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा टाटांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २००८ च्या जुलैंत मान्य केला. २००९ च्या ऑक्टोबरांत आयोगानें वाट मोकळी केली, कीं तार रिलायन्सची राहूं द्यावी आणि तिच्यांतून वीज टाटांची घ्यावी. अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून अर्ज गेले, आणि भिंतींतली तार न हलतां बिलावरचें नांव बदललें. मग दिसून आलें तें असें, कीं जे अधिक वीज जाळतात, आणि म्हणून चढ्या दरानें पैसे भरतात, ते आधीं निघून जातात. त्यांच्या पैशांवर ज्यांचा दर कमी ठेवलेला असतो ते मागें राहतात. अखेर आयोगाला निघून जाणाऱ्यांवर अधिभार बसवावा लागला, आणि २०१२ सालीं तर महिना ३०० युनिटांच्या आंतील लहान ग्राहकांनाच कांहीं काळ बदल करूं द्यावा, असा आदेश द्यावा लागला.

हें सारें खेडला लावून पाहूं. २००३ च्या वीज कायद्यानें १ मेगावॅटहून मोठ्या ग्राहकाला दुसऱ्याकडून वीज घेण्याची मोकळीक दिली. २०२२ च्या नियमांनीं सौर, पवन अशा हरित विजेसाठीं ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. म्हणजे चाकणचा कारखाना आपला पुरवठादार निवडूं शकतो. भीमाशंकरखालच्या घराचा भार १ किलोवॅटच्या आसपास. त्याला तें दार बंद. पण ह्याहून अवघड गोष्ट पुढेंच आहे. डोंगरांतल्या घराला वीज ज्या दरानें मिळते त्या दरांत तिचा आणि तारेचा खर्च निघत नाहीं. तूट भरून निघते ती बरीचशी कारखान्यांच्या चढ्या दरांतून. एका तालुक्यांतलें हें नातें आहे, आणि दोन्ही पक्षांना त्याची जाणीव क्वचितच असते. चाकणनें आपली निवड पुरती वापरली, तर वाडीच्या खांबाचा खर्च कोणी भरावयाचा? आज जाणाऱ्या कारखान्यावर अधिभार आहे आणि तो कमी करावा अशी उद्योगांची मागणी आहे. मला ती समजते; परंतु तारेसाठीं स्कॉटलंडसारखी निराळी तरतूद केल्यावांचून ती मान्य करणें म्हणजे वाडीचा दिवा बाजारांत मांडणें होय.

ह्याच तालुक्याच्या पश्चिम डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या रस्त्यांसाठीं जंगल कसें कापलें गेलें याविषयीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०११ च्या अहवालांत कडक शब्दांत लिहिलें आहे. त्यांची वीज राज्याच्या जाळ्यांत मिसळते. डोंगराखालच्या घराला ती वेगळी अशी मागतां येत नाहीं. २०२४ सालीं केंद्र सरकारनें घरांच्या छपरांवर सूर्याची वीज करण्यासाठीं मोठें अनुदान जाहीर केलें. राजगुरुनगरच्या गच्चीवाल्या घरांना ही निवड खरोखरच उपलब्ध आहे, आणि ज्यांना ती परवडते त्यांनीं ती अवश्य करावी. पश्चिमेच्या वाड्यांत मात्र छप्पर उतरतें, कौलांचें किंवा पत्र्याचें. आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत त्यावर ऊन पडतें तें मोजक्या दिवशीं. त्या महिन्यांत वादळानें खांब पडला कीं तारही मुकी होते, आणि ओल्या वाटेनें सिलिंडर वर येणें लांबतें. अशा वेळीं माळ्यावर वैशाखांत रचून ठेवलेलीं लांकडें खालीं काढलीं जातात.