चढत नाही म्हणजे काय?

आमच्या सांडोरला आणि एकूणच वसई पट्ट्यात लग्नसराईत एक कौतुक हमखास कानावर येते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने दोन पेले रिचवले की कुणीतरी काका पाठ थोपटतात, "बघा, चढलीच नाही त्याला!" या कौतुकात कितपत अर्थ आहे ते शोधताना उंदरांवरच्या प्रयोगांचा इतिहास वाचायला मिळाला. तो थोडक्यात सांगतो.

१९४० साली अमेरिकेत कर्ट रिश्टर यांनी उंदरांपुढे एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत अल्कोहोल मिसळलेले पाणी ठेवले आणि ते काय निवडतात हे पाहिले. दोन बाटल्यांची ही पद्धत आजही वापरतात. वयाच्या प्रश्नाकडे मात्र १९९० च्या दशकात नीट लक्ष गेले. उंदराचे 'वयात येणे' साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यातले. लिंडा स्पिअर आणि स्कॉट स्वार्ट्‌झवेल्डर यांच्या प्रयोगशाळांत असे दिसले की तेवढ्याच अल्कोहोलवर कोवळा उंदीर मोठ्यापेक्षा कमी पेंगतो. पण नवे शिकून लक्षात ठेवणे त्याला जास्त जड जाते. म्हणजे 'पुरे आता' सांगणारी घंटा उशिरा वाजते, नुकसान मात्र चालूच राहते.

पुढे २०१० पासून अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मिळून उंदरांना कोवळ्या वयात अधूनमधून भरपूर अल्कोहोल दिले आणि मग मोठे होईपर्यंत थेंबही दिला नाही. शिकागोच्या सुभाष पांडे यांच्या गटाला असे उंदीर मोठेपणी अधिक भेदरट आणि अधिक पिणारे आढळले. भीतीशी संबंधित मेंदूच्या भागात जनुकांचे कामकाजच बदलले होते. सगळ्याच प्रयोगांत पिणे वाढले असे नाही. जात, नर-मादी, देण्याची पद्धत यांनी फरक पडतो. शिवाय तो मोठा डोस होता, घोटभर नव्हे.

माणसांचे काय? गोव्यात सुमारे १९०० पुरुषांची पाहणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. १९५६-६० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांनी कोवळ्या वयात सुरुवात केली होती. १९८१-८५ मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेले. लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसन आणि दुखापती जास्त होत्या. यावर कुणी म्हणेल, मुळात घरची परिस्थितीच बिकट असेल. शंका रास्त आहे, आणि उंदरांची गरज इथेच लागते. एकसारख्या वाढवलेल्या पिल्लांपैकी कुणाला द्यायचे हे संशोधक ठरवतो, म्हणून फरक कशाने पडला ते कळते.

घरही महत्त्वाचे आहेच. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आईविना, नुसत्या सवंगड्यांत वाढलेली माकडे आईजवळ वाढलेल्यांपेक्षा जास्त पीत होती.

महाराष्ट्रात दारूसाठी २५ आणि बिअर-वाईनसाठी २१ वर्षांची अट आहे. लग्नाच्या मांडवात ती कोण तपासणार? तिथे काका-मामाच पोलीस. मद्य वर्ज्य करा असे मी म्हणत नाही, आपल्याकडे ते शक्यही नाही. पण पोराला चढत नसेल तर पाठ थोपटू नका, पेला काढून घ्या. ती ताकद नव्हे, घंटा वाजत नाही एवढेच.

तुमच्या गावात काय रीत आहे, जरूर कळवा.