कोदो, मर्चा आणि पणजोबांचा दंड

आमची पलटण सिक्कीमला गेली ती २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर. आम्ही वर नथुलाच्या बाजूला, चौदा हजार फुटांवर, आणि कुटुंब खाली गंगटोकमध्ये. क्वार्टर मिळेपर्यंत सौ.ने देवरालीच्या उतारावर एका घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिकडची घरं डोंगराला चिकटलेली. रस्त्यावरून बघाल तर एकमजली, मागून बघाल तर तीन मजली. आम्ही सर्वांत खालच्या मजल्यावर. घरमालक राई समाजाचे, गोरखा पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शन आलेले. आम्ही त्यांना दाजू म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला दिदी. ते दोघे एकमेकांना 'बूढा' आणि 'बूढी' अशी हाक मारत. ती हाक ऐकून पहिले काही दिवस सौ.ला हसू आवरायचं नाही.

डिसेंबरात चार दिवस खाली आलो, तर बूट काढायच्या आत सौ. म्हणाली, "अहो, वरती चला. या लोकांकडे आपली नाचणी आहे!"

वरच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात तांबूस काळे दाणे रटरटत होते. दिदी त्याला कोदो म्हणत होत्या. आपल्याकडे कोद्रा म्हणजे हरीक, ते धान्य निराळं. नेपाळी बोलीतला कोदो म्हणजे मात्र अस्सल नाचणी. माझं गाव शहापूर तालुक्यातलं, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी पिकवणारं. नाचणीची भाकरी, आंबील, पापड सगळं माहीत होतं. दिदी मात्र त्याची जाँड करत होत्या. जाँड म्हणजे धान्य आंबवून केलेलं घरगुती पेय. भट्टी लावून गाळतात ती रक्सी, ती वेगळी.

पुढची दोन वर्षं जेव्हा जेव्हा खाली आलो तेव्हा तेव्हा या नवरा-बायकोचं हे काम बघितलं. कामाची वाटणी ठरलेली. शनिवारी सकाळी दाजू लाकडं फोडून चूल पेटवायचे आणि उतारावरून नेच्याची ताजी पानं तोडून आणायचे. दिदी कोदो पाखडून, धुऊन शिजवायच्या, पाणी काढून टाकायच्या आणि दाणे बांबूच्या चटईवर पसरायच्या. हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. मग मर्चाची एक वडी कुटून तिची पूड वरून भुरभुरायची आणि सगळं हलक्या हाताने कालवायचं. नेच्याची पानं अंथरलेल्या टोपलीत ते भरून वर गोणपाट टाकायचं आणि टोपली चुलीजवळ ठेवायची. दोन-तीन दिवसांनी गोडसर आंबूस वास सुटला की सगळं मडक्यात भरून तोंड घट्ट बांधायचं. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत आठवडाभर. मडकं कधी उघडायचं हे दिदी वासावरून ठरवत. दाजूंनी एकदा मध्येच घाई केली, तर त्यांच्या हातावर पळी बसलेली मी स्वतः पाहिली आहे.

सगळी जादू त्या मर्चात. भिजवून कुटलेले तांदूळ, आलं, सुकी मिरची, काही रानटी पाला, एक मुळी आणि जुन्या मर्चाची चिमूट, हे मळून चपट्या वड्या करतात आणि उन्हात वाळवतात. आपलं विरजण जसं कालच्या दह्यातून आजच्या दह्यात जातं, तसा मर्चा आईकडून लेकीकडे जातो. ती मुळी बहुतेक ठिकाणी चित्रकाची असते, आपल्या वैद्यांच्या औषधातला तोच चित्रक. यामागचं शास्त्र सोपं आहे. दाण्यात पिष्ट असतं, साखर नसते, आणि यीस्टला लागते साखर. तेव्हा आधी कुणीतरी पिष्टाची साखर करून द्यावी लागते. युरोपात त्यासाठी बार्लीला मोड आणतात, आपण नाचणीसत्वासाठी नाचणीला आणतो तसे. पूर्वेकडच्या डोंगरांत मोड न आणता मर्चातल्या बुरशीकडून ते काम करून घेतात. त्याच वडीत यीस्टही असतं, म्हणजे दोन्ही कामगार एकाच वडीत.

प्यायची पद्धतही बघण्यासारखी. बांबूच्या किंवा लाकडाच्या उंच पात्रात, म्हणजे तोंगबात, आंबलेले दाणे भरायचे, वरून कढत पाणी ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पिपसिंग नावाच्या बारीक बांबूच्या नळीने ओढायचं. नळीचं खालचं टोक बंद असतं आणि बाजूला बारीक चिरा, म्हणजे दाणा तोंडात येत नाही. दाजू या नळ्या स्वतः करायचे. पलटणीत रायफल साफ करताना जसे बसत असतील तसेच मांडी घालून, चाकू घेऊन. पहिला घोट कधी घेतला नाही. आधी दोन थेंब चुलीच्या दगडांना, पूर्वजांच्या नावाने.

जोसेफ डाल्टन हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये फिरत होता. १८४९ च्या अखेरीस त्याला आणि डॉ. कॅम्पबेलला सिक्कीमच्या दिवाणाने कैद केलं, आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी सिक्कीमचा खालचा मुलूख गिळला. त्याच हूकरच्या १८५४ साली छापलेल्या 'हिमालयन जर्नल्स'मध्ये हे पेय आहे, 'मुरवा' या नावाने. धान्य तेच, बांबूचं पात्र तेच, नळी तीच. हे मी दाजूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, त्याला पाणी किती गरम दिलं होतं ते लिहिलंय का?"

याहून जुना दाखला आपल्याच ग्रंथात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू कुठे गाळायची, कुठे विकायची, गुत्ता कसा असावा, सगळ्यावर त्याची नजर. तिथे 'किण्व' म्हणजे आंबवणाचा मसाला येतो आणि मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचं मापही: एक द्रोण पाण्याला अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व निवडायचं काम बायका-मुलांचं, हेही लिहिलेलं. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, इतका कडक हिशेब ठेवणारा कौटिल्य घरधन्याला कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करू देतो. उत्सव, मेळे, जत्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक देतो. राजाला महसूल हवाच होता, पण चुलीपर्यंत त्याने हात घातला नव्हता.

तो हात नंतर घातला गेला. इंग्रज आले तेव्हा गोऱ्या पलटणींना बिअर लागायची. ती विलायतेहून गलबतांतून यायची, पुढे थंड हवेच्या डोंगरांत कारखाने निघाले. कसौलीचा कारखाना आपलं साल १८५५ सांगतो. तिथल्या धंद्याशी जोडलेला एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याच परंपरेतल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, ओल्ड मंक बाजारात आणली. ती माहीत नसलेला फौजी शोधून सापडायचा नाही. कारखान्याच्या दारूवर कर बसवणं सोपं. घराघरांतल्या मडक्यावर कर कसा बसवणार? मग मडकंच बेकायदा ठरवायचं.

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गाळायचं काम सरकारी देखरेखीखालच्या मध्यवर्ती भट्ट्यांत गेलं, मक्ते मोठ्या धनिकांकडे गेले, ताडाच्या झाडामागे कर बसला. तरीही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लोक मोह गाळायचे थांबेनात. तेव्हा १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला, आणि या दोन जिल्ह्यांत दारूच काय, फुलांची साठवण आणि विक्री यांवरही निर्बंध आले. ज्या फुलांची दारू होते, तीच फुलं पावसाळ्यात धान्य संपल्यावर वाफवून खातात, गुरांना घालतात. बंगालच्या कायद्यात धान्याच्या आंबवलेल्या पेयाला 'पचवाई' असं नाव होतं आणि काही आदिवासी जमातींना घरच्यापुरती ती करण्याची मुभा होती. आमच्या ठाण्याला मात्र फुलंसुद्धा सोडली नाहीत.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो, आजवर सांगितली नव्हती. माझ्या पणजोबांना दंड झाला होता. साल कुणाला माहीत नाही. घरात एवढंच बोललं जायचं की म्हातारा दारूच्या गुन्ह्यात सापडला, बैल विकून दंड भरला. भाऊबंदकीत भांडण लागलं की समोरचा हमखास तेच काढायचा. वडील तर त्या नावाने इतके खजील असत की त्यांनी आयुष्यात कधी थेंबाला शिवलं नाही आणि मी फौजेत जाताना एकच शब्द घेतला, "रमचा कोटा घेऊ नकोस." मी तो शब्द पाळला नाही, हेही लिहून टाकतो.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला, म्हणजे त्या पणजोबांच्या सुनेला, मी गंगटोकच्या दिदींबद्दल सांगत होतो. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. ती मध्येच म्हणाली, "दारू कुठली रे? भाताच्या कणगीखाली मोहाची फुलं होती. सासूबाईंनी आषाढासाठी ठेवलेली." इतकंच. तिला त्या कायद्याचं नाव माहीत नव्हतं. मला ते पुढे वाचनात सापडलं. वडील तोवर गेले होते. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

पण घरची दारू म्हणजे सगळं गोड, असं मी म्हणतोय असं समजू नका. बत्तीस वर्षांच्या नोकरीत चांगली चांगली पोरं बाटलीने वाया गेलेली पाहिली आहेत, आणि दंडवाले पणजोबा निर्दोष निघाले म्हणून गावातल्या बाकीच्यांची बायका-पोरं सुखात होती असं होत नाही. १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींत देवीची मोठी चळवळ उठली. हजारो लोक जमायचे, अंगात आलेली माणसं देवीची आज्ञा सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदारांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने त्यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे, आणि त्या लाटेचा उगम तो पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपर्यंत नेतो, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यात. ज्यांची परंपरा म्हणून आपण कौतुक करतो, त्यांनीच ती टाकून दिली होती. कारण तोवर दारू त्यांच्या मडक्यातून मक्तेदाराच्या दुकानात गेली होती आणि त्यापायी जमिनी चालल्या होत्या.

दाजूंचंही तसंच झालं होतं. हे दिदींनी सौ.ला सांगितलं, एका पावसाळी संध्याकाळी, मर्चाच्या वड्या थापताना. पेन्शन आल्यावर दोन वर्षं दाजू महिन्याचा कोटा आठवड्यात संपवायचे. मग दुकानातली. एकदा रात्री रस्त्याच्या कठड्यावरून खाली घसरले, आमच्या खोल्यांच्या छपरामुळे वाचले. दुसऱ्या दिवशी दिदींनी ओरडाआरडा केली नाही. लग्नात आणलेली पितळी कड्यांची तोंगबा माळ्यावरून काढली आणि म्हणाल्या, "प्यायचं असेल तर मी करीन तेवढंच. आणि लाकडं तू फोडायची, नळ्या तू करायच्या, पानं तू आणायची." आठवड्याच्या कामाला आठवड्याचं फळ. संध्याकाळी एक तोंगबा, तीनदा पाणी, बस. कोटा मात्र कार्डावरून उतरवायचा नाही, हेही त्यांनी ठरवलं. पाहुण्यांना लागतो म्हणे.

सौ.ने हे सगळं मला शब्दशः सांगितलं आणि वर म्हणाली, "तुम्ही पण लाकडं फोडत जा." मी त्या आठवड्यात किती पेग घेतले ते तिने मोजले होते, हे मला तेव्हा कळलं.

२००७ च्या जानेवारीत पलटण खाली उतरली. निघताना दिदींनी सौ.च्या हातात कापडात बांधलेल्या मर्चाच्या दोन वड्या दिल्या. आपल्याकडे घरी असलं काही करायचं तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, आणि माझ्या घराण्याने एक बैल आधीच विकलेला आहे. त्या वड्या मिसळणाच्या डब्याशेजारी आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत सौ. त्यांचा वास घेते आणि परत ठेवून देते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहाच्या फुलांवरचे निर्बंध सैल केले, ती बातमी मी आजीच्या फोटोसमोर वाचली. जोरात वाचली, शेजारी चुलतभाऊ राहतो.

दाजू गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सौ. दसऱ्याला दिदींना फोन करते. तिकडे तेव्हा दसैं असतो. गेल्या वेळी तिने विचारलं, "दिदी, जाँड करता का अजून?"

"करते," दिदी म्हणाल्या. "छोट्या मडक्यात. लाकडं फोडायला शेजारचा मुलगा येतो, पण नळी त्याला जमत नाही. बूढ्याने केलेल्या नऊ उरल्यात."