कुटुंबाचें वाहन : जीपचें कूळ आणि व्हॅनचें कूळ

पेण-रोह्याकडच्या मध्यम स्थितींतील घरांत हल्लीं एक प्रश्न वरचेवर ऐकूं येतो. घरांत माणसें सात, जुनी लहान मोटार पुरत नाहीं. तर आतां उंच चाकांची मोठी एस्. यू. व्ही. घ्यावी, कीं बुटक्या पायरीची, प्रशस्त पोटाची व्हॅन घ्यावी ? मुलगा बहुधा पहिलीचा पक्ष घेतो, सून दुसरीचा. आणि आजोबा-आजींना कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न विक्रेत्याच्या दुकानांत बसून सुटेल असें मला वाटत नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर. यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकविण्याची खोड अंगीं मुरल्यामुळें वस्तूचें कूळ पाहिल्यावांचून मला चैन पडत नाहीं. तेव्हां आज या दोन वाहनांचें कूळच आपल्यापुढें मांडतों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा वाद मोटारीबरोबर जन्मास आलेला नाहीं. आमच्या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. आणि त्या कुलाब्याचा खरा राजमार्ग पाण्यावरून जात असे. पेणेस अंतोऱ्याचें बंदर, पुढें धरमतरची खाडी, आंबा नदीवर नागोठणें, कुंडलिकेच्या कांठीं रोहें आणि पैलतीरीं अष्टमी. मचवा भरतीच्या वेळीं वर येई आणि ओहोटीला चिखलांत बसे. बंदरापासून घरापर्यंत मात्र बैलगाडीवांचून गति नव्हती, आणि ती दोन जातींची असे. खटारा हा भाताच्या पोत्यांसाठीं आणि मिठागरांतील मिठासाठीं. जाड आंसाचा, उघडा, हाडें खिळखिळीं करणारा. दमणी ही लहानखुरी, छपराची, आंत पेंढ्यावर गादी घातलेली, बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. ती लेकीबाळींसाठीं आणि माहेरवाशिणींसाठीं. सधन घरीं दोन्ही असत. इतरांच्या घरीं फक्त खटारा. आणि लग्नकार्य निघालें कीं त्याच खटाऱ्यावर बांबूच्या तट्ट्या बांधून त्याची दमणी केली जाई.

ही तट्ट्या बांधण्याची युक्ति ध्यानांत ठेवावी. कारण पुढच्या शंभर वर्षांत आमच्या कुटुंबांनीं जीं जीं वाहनें वापरलीं, त्यांतील बहुतेक मुळांत कुटुंबासाठीं बनविलेलीं नव्हतींच. कोणी तें लढाईसाठीं केलें, कोणी माल वाहण्यासाठीं. आपण त्यावर तट्ट्या बांधल्या, इतकेंच.

१ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला सरकारी एस्. टी.ची पहिली गाडी निघाली. ती जसजशी कोंकणांत पसरली, तसतशी तीच सामान्यांचें कौटुंबिक वाहन झाली. खासगी मोटार डॉक्टर-वकिलांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत पुढें फियाट गाड्या तयार होऊं लागल्या. परंतु पांच आसनांच्या त्या गाडींत एकत्र कुटुंब मावावें कसें? मुलें मांडीवर, सामान टपावर आणि आजी घरीं, असा हिशेब असे. (आमच्या पेण तालुक्यांतील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनीं १९५१ पासून सारा देश पायीं पालथा घातला, ही गोष्ट निराळी, त्यांना तिसऱ्या रांगेची विवंचना नव्हती!)

आतां पहिलें कूळ. १९४०-४१ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं एक हलकी, चारही चाकांनीं ओढणारी गाडी आखली गेली, तीच जीप. महायुद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिचीं जुळणी सुरू केली, आणि ती आपल्याकडे आली ती सरकारी खात्यांच्या अंगणांत. जंगलखातें, बांधकामखातें, मामलेदार, निवडणुकीचे उमेदवार यांची ती गाडी. तिची लांब आवृत्ति निघाली, मागें समोरासमोर दोन बांकें आलीं, वर कापडी छत आलें. आणि एके दिवशीं तिच्यांत वऱ्हाड बसलें. हीच तट्टी ! अशा बांकावर बसलेल्या माणसाला धरावयाला एक दांडी आणि टेकावयाला शेजाऱ्याचा खांदा, एवढाच आधार असे. पण चिखलांतून, नाल्यांतून आणि कच्च्या चढावरून ती जीप जात असे, हें कबूल केलेंच पाहिजे. पुढें १९९४ सालीं टाटांची सुमो निघाली. कंपनीचे एक थोर चालक सुमंत मुळगांवकर यांच्या नांवांतील आद्याक्षरें घेऊन तिचें नांव ठेवलें होतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. जपानी मल्लाशीं तिचा संबंध नाहीं. २००० सालीं बोलेरो आली, २००२ सालीं नाशिकच्या कारखान्यांतून स्कॉर्पिओ. जीपचें अंग भरलें, तिला कांचा व थंड हवेचें यंत्र लाभलें, पण सांगाडा तोच राहिला.

दुसरें कूळ मालवाहू टेंपोचें. जर्मनींत फोक्सवागेननें १९५० सालीं आपली व्हॅन काढली आणि डबा हाच मोटारीचा आकार होऊं शकतो हें जगाला दाखविलें. आपल्याकडे फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीनें १९६९ सालीं जर्मन नमुन्यावरून मॅटॅडोर काढली. भाजी, दूध, टपाल, शाळेचीं मुलें, रुग्ण आणि लग्नाचें बिऱ्हाड हें सारें तिनें एकाच पोटांत वाहिलें. नंतर १९८४ सालीं मारुतीची व्हॅन आली. पुढें ओम्नी या नांवानें ती घरोघर पोंचली. लांबी अवघी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०, इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचें. पण बाजूला सरकणारें दार आणि घोट्याएवढी पायरी यांमुळें नऊवारी नेसलेली म्हातारी तिच्यांत कोणाचा हात न धरतां चढे. माझ्या मतें कोंकणच्या घरांवर तिचे उपकार फियाटपेक्षां अधिक आहेत. दोषही मोठा होता : इंजिन पुढच्या आसनाखालीं, म्हणून समोर नाक असें नाहींच, धडक बसली तर पहिले आपले गुडघे. सुरक्षिततेचे नियम कडक झाले आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

इकडे अमेरिकेंत काय चाललें होतें ? क्रायस्लर कंपनीनें १९८३ च्या अखेरीस एक नवीन गाडी आणली. बाहेरून व्हॅन, पण आंतून मोटार : इंजिन पुढें, ओढ पुढच्या चाकांवर, जमीन सपाट व खालीं, घराच्या गॅरेजांत मावणारी. हीच मिनिव्हॅन. मला वाटतें, मोटारीच्या इतिहासांत कुटुंब डोळ्यांपुढें ठेवून आखलेलें वाहन म्हणून हिचेंच नांव आधीं घ्यावें लागेल. बुडीत निघालेली कंपनी तिनें सांवरली. परंतु दैवगति पाहा : जीं मुलें या गाडीच्या मागच्या आसनावर वाढलीं, त्यांनींच मोठेपणीं तिला नाक मुरडलें. ती आईची गाडी ठरली, आणि १९९० सालीं निघालेल्या फोर्ड एक्स्प्लोररसारख्या उंच गाड्या पुरुषार्थाचें चिन्ह ठरल्या. तेथील इंधनविषयक कायद्यानें या दोन्ही जातींना हलक्या ट्रकांत गणून सवलत दिली होती, म्हणून कारखानदारांनाही उंच गाडी विकणें लाभाचेंच होतें. आमच्याकडे आज मुलगा-सुनेंत जो वाद होतो, त्याचीं मुळें थोडींशीं तिकडेही आहेत.

आपल्याकडे हीं दोन कुळें एकमेकांत मिसळलीं तीं टोयोटाच्या क्वालिसमुळें. इंडोनेशियांतील किजांग नांवाच्या गाडीचा हा अवतार २००० सालीं येथें आला. २००५ सालीं त्याची जागा इनोव्हानें घेतली. आतां गंमत अशी कीं, इनोव्हेला सारे लोक व्हॅनच्या वर्गांत घालीत. पण तिच्या पोटाखालीं ट्रकाप्रमाणें लोखंडी तुळयांचा सांगाडा आणि ओढ मागच्या चाकांवर, म्हणजे कूळ जीपचें! उलट २०११ सालची एक्स्. यू. व्ही. ५०० दिसावयाला चित्त्यासारखी, पण आंतून सांगाडारहित, पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी. २०२२ च्या अखेरीस इनोव्हेचीच हायक्रॉस ही आवृत्ति निघाली. तिनें सांगाडा टाकला, पण चेहरा मात्र एस्. यू. व्ही.सारखा करून घेतला. सारांश, नांवावर जाऊं नये. सरकारही या नांवांना कंटाळलें असावें. कारण जुलै २०२३ मध्यें वस्तु-सेवाकराच्या परिषदेनें ठरविलें कीं, गाडीला कोणत्याही नांवानें ओळखा, ती चार मीटरांहून लांब, १५०० घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाची आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंच असेल तर तिच्यावर वाढीव अधिभार बसेल. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो अधिभारही जाऊन मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर आला.

मग नांव सोडून पाहावें काय ? गाडीचें पोट. सांगाड्याच्या गाडींत दोन लांब तुळया, त्यांवर शरीर ठेवलेलें. खालून मागच्या चाकांकडे फिरता दांडा जातो. म्हणून आंतली जमीन उंच होते. तिसऱ्या रांगेंत बसणाऱ्याचें आसन त्या उंच जमिनीपासून वितभर वर, आणि त्याचे गुडघे हनुवटीपाशीं. तेथें जावयाचें तर दुसऱ्या रांगेचें आसन पाडून त्यावरून कसरत करीत जावें लागतें. गुडघेदुखीच्या माणसानें हें कसें करावें ? शिवाय तिन्ही रांगा भरल्या कीं मागें सामानाला बहुधा दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते. व्हॅनच्या धर्तीच्या गाडींत जमीन खालीं असल्यानें पाय मोकळे राहतात, आणि चाकांच्या मानानें अंग खालीं असल्यानें वळणावर कलंडण्याचें भयही कमी.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. सात माणसें बसलीं म्हणजे व्हॅन खालीं दबते. पळस्पें ते इंदापूर हा मुंबई-गोवें महामार्गाचा ८४ किलोमीटरांचा टप्पा रुंद करण्याचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि पुढें वर्षानुवर्षें रेंगाळलें. त्या काळांत वडखळ-नागोठण्याच्या खड्ड्यांनीं कित्येक बुटक्या गाड्यांचीं पोटें खरवडलीं. लोकांनीं उंच गाड्या हौसेनेंच घेतल्या असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय करणें होईल. सुकेळी खिंडींत पावसाळ्यांत भरल्या गाडीचा भार मागें सरकला कीं पुढच्या चाकांची पकड सुटूं लागते, हेंही खरें. ज्यांची वाडी डोंगरांत कच्च्या रस्त्यावर आहे, त्यांनीं खुशाल सांगाड्याची, मागच्या किंवा चारही चाकांनीं ओढणारी गाडी घ्यावी. मात्र उंच गाडी म्हणजे पुरांतून जाणारी गाडी, असा एक घातकी समज आहे. २४ जुलै १९८९ रोजीं आंबा नदीनें जांभूळपाड्यांत जो हाहाकार केला, तो ज्यांना आठवतो ते वाहत्या पाण्यांत कोणतीच गाडी घालणार नाहींत. गुडघाभर वाहतें पाणी जड गाडीलाही उचलतें.

आणखी एक स्थानिक परीक्षा सांगतों. भाद्रपदाच्या आधीं पेणेंतील गणपतीच्या कारखान्यांपुढें अर्धा तास उभें राहावें. वाहनशास्त्राचें याहून उत्तम शिक्षण कोठें मिळणार नाहीं. मुंबईचीं कुटुंबें मूर्ति न्यावयाला येतात. मूर्ति पाटासह सरळ, आडवी न करतां, हिसका न बसतां नेली पाहिजे. व्हॅनवाला सरकतें दार उघडतो, मधल्या मोकळ्या जमिनीवर पाट टेकवितो, दोघे बाजूला बसून धरतात, झालें. मोठ्या उंच गाडीचा धनी मात्र दाराच्या कमानींतून मुकुट वांचवीत, आसनाच्या उतरणीवर उशा रचीत घामाघूम होतो. शेवटीं बाप्पा कोणाच्या तरी मांडीवर. बाहेरून गाडी भव्य, पण भव्यपणा छपराच्या वर आणि जमिनीच्या खालीं गेलेला.

माझें मत विचाराल तर असें : ज्या घरांत साठीच्या वरचीं दोन माणसें आणि दहाच्या खालचीं दोन मुलें आहेत, आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः पेण-पनवेल, रोहें-पाली, वर्षांतून एकदोनदां गणपती-शिमग्याला दक्षिणेकडे, एवढाच आहे, त्यांनीं सपाट जमिनीची व्हॅनच्या धर्तीची गाडी घ्यावी, मग ती चारचौघांत रुबाबदार दिसो वा न दिसो. उंच गाडी पुढच्या रांगेंतल्या दोघांना फार सुख देते, हें मी नाकारीत नाहीं. वरून रस्ता दूरवर दिसतो, मन निर्भय होतें. परंतु गाडीचें मोल देतांना घरांतल्या सातही माणसांचा वांटा त्यांत असतो, आणि निवड मात्र पुढच्या दोन आसनांवर बसून केली जाते.

घेण्यापूर्वीं अंगणाचें फाटक मोजावें. एक्स्. यू. व्ही. ७०० ची रुंदी १८९० मिलिमीटर आहे, अर्टिगाची १७३५, ईकोची अवघी १४७५, आरसे निराळे. कार्निव्हलसारखी खरी मिनिव्हॅन तर पांच मीटरांहून लांब आणि जवळजवळ दोन मीटर रुंद, ती पेणेच्या जुन्या आळींत शिरली तर समोरून येणाऱ्या हातगाडीला मागेंच परतावें लागेल. आणि दुकानांत जातांना आजींना बरोबर न्यावें. त्यांना कोणाचा हात न देतां तिसऱ्या रांगेंत जाऊं द्यावें, मागें एक भरलेली पेटी ठेवावी, आणि वडखळ नाक्यापर्यंत एक फेरी मारून आणावी.