मिरवणुकीतला जॅझ

आमच्या राणीसावरगावात गणपतीच्या मिरवणुकीत बँडनं ‘अलबेला’चं गाणं धरलं, की म्हातारेसुद्धा पाय हलवतात. हा ठेका आला कुठून, हे शोधत गेलो आणि थेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोचलो.

१९३०च्या दशकात तिथं टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवायचा. डावा हात खालच्या सुरावरून वरच्या सुरांवर उड्या मारत ठेका धरायचा, उजवा मोकाट सुटायचा. आजच्या जॅझमधल्या पियानो-बास-ड्रम्स या तिकडीत डाव्या हाताचं बरंचसं काम बास उचलतो. हा गडी ते एकटाच ओढायचा! शेजारी गोव्याची पोरं वाजवायची. नोटेशन त्यांना चर्चच्या शाळेतच आलेलं. कागद सोडून वाजवायचं कसं, ते इथं कळलं.

पुढं १९४९चा दारूबंदी कायदा आला. क्लबांची कमाई आटली, वादक सिनेमाकडे वळले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांचा सहायक झाला. १९५१चा ‘अलबेला’ त्यातलाच. संगीतकार चाल सांगायचा आणि कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं, ते बऱ्याचदा गोव्याचा माणूस लिहून काढायचा. तबकडीवर मात्र वादकांची नावं नसायची. आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली, याचीसुद्धा नोंद राहते हो!

वेदरफर्ड १९४५मध्ये कोलकात्यात कॉलऱ्यानं गेला.

यंदा बँडवाल्या काकांना विचारलं, “हे गाणं कुणाचं?”

“भगवानदादाचं. दुसऱ्या कुणाचं असंल?”